पाण्यापर्यंतची पांधण

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी आमची शेजारीण हातात लिफाफा घेऊन दारात उभी राहिली. तिने बेल कधीच वाजवली नाही. मुठीने दोनदा दार ठोकायची आणि उघडेपर्यंत हलायची नाही. तेव्हा ती एक्क्याऐंशी वर्षांची होती. कॅनडातल्या केंब्रिजमधल्या आमच्या टाउनहाउसच्या ओळीत तिच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात माझा नवरा कार प्लांटमधली रात्रपाळी करून झोपला होता आणि मी बर्फ काढायचं शोव्हल घेऊन बाहेर आले, तर आमचा अर्धा ड्राइव्हवे तिने साफ करून टाकला होता. मी तिच्या हातातलं शोव्हल घ्यायला गेले. तिने दिलं नाही. माझ्या लेकीला तिने स्वतःहून सांगितलं होतं की मला मुम्मो म्हण. फिनिश भाषेत आजीला मुम्मो म्हणतात. मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

ती फिनलंडहून लग्न होऊन आली ती थेट सडबरीला. नवरा निकेलच्या खाणीत. तो गेल्यावर मुलाजवळ असावं म्हणून दक्षिणेला, केंब्रिजला आली. पण उन्हाळा आला की तिचा जीव इथे रमायचा नाही. सडबरीच्या अलीकडे एका तळ्याजवळ त्या दोघांनी स्वतःच्या हाताने लाकडी घर बांधलं होतं. तिकडे त्याला कॉटेज नाही, कॅम्प म्हणतात. जून संपत आला की फिनिश लोकांचा युहान्नुस येतो, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचा सण. बावन्न वर्षांत तिने तो त्या तळ्याशिवाय कुठे साजरा केला नव्हता.

लिफाफ्यात पत्र होतं. तळ्याकाठची मोठी जागा टोरंटोच्या एका माणसाने विकत घेऊन तिथे काचेचं घर बांधलं होतं. त्याने लिहिलं होतं की त्याच्या घराच्या कडेने पाण्याकडे जाणारी पायवाट ही त्याची खासगी जागा आहे, ह्या उन्हाळ्यापासून तिथून कुणी जाऊ नये.

मुम्मोचा कॅम्प काठावर नव्हता. काठावरची जागा त्यांना तेव्हा परवडली नाही, म्हणून रस्त्याच्या मागच्या बाजूची घेतली. साउना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, तीही तिथेच. साउनातून निघायचं, रस्ता ओलांडायचा आणि त्या पायवाटेने दीडशे पावलं चालून पाण्यात उतरायचं, असा त्यांचा बावन्न वर्षांचा रिवाज. ह्या नव्या माणसाच्या डेकसमोरून अंगातून वाफा निघणारे म्हातारे लोक टॉवेल गुंडाळून जात-येत राहतात, हे त्याला सहन होत नव्हतं. पत्रात त्याने हे वेगळ्या शब्दांत लिहिलं होतं, पण अर्थ तोच.

तिने मला विचारलं, तू ऑफिसात जुने नकाशे बघतेस ना?

मी ग्वेल्फमधल्या एका सर्व्हे ऑफिसात नकाशे तयार करते. तो तलाव आमच्या कामाच्या हद्दीत नव्हता, पण मूळ मोजणीचे नकाशे कुणालाही मागवता येतात. आठवडाभराने तो नकाशा माझ्या स्क्रीनवर आला आणि मी खुर्चीत सरळ बसले. पायवाट त्या माणसाच्या जागेत नव्हतीच. दोन जागांच्या मधून, रस्त्यापासून थेट पाण्यापर्यंत, एक सरळ पट्टा सोडलेला होता. रस्त्यासाठी राखलेली सरकारी जमीन, सहासष्ट फूट रुंद. जुन्या मोजणीत सहासष्ट फूट म्हणजे एक साखळी. पक्का रस्ता कधी झाला नाही, झाडं वाढली, फक्त पायवाट उरली. पण जमीन टाउनशिपची, तिथल्या ग्रामपंचायतीचीच राहिली. म्हणजे सगळ्यांची.

ही गोष्ट मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझे बाबा नागपूर जिल्ह्यात भूमापन खात्यात होते. आमच्याकडे गाडीवाटेला पांधण म्हणतात, आणि गावोगाव कुणी ना कुणी मोठा माणूस ती पांधण हळूहळू आपल्या शेतात ओढून घेतो. दरवर्षी नांगराचं एक तास, एक सरी. बाबांना अशा पांधणी मोजायला पाठवायचे. एका गावात पांधणीपलीकडे आमच्या लोकांची मसणवट होती आणि प्रेत न्यायला वाट उरली नव्हती. त्या गावच्या पुढाऱ्याने बाबांना आडनाव विचारलं, मग प्यायला पाणी दिलं नाही, आणि मोजणी उद्या करा, परवा करा असं सुरू केलं. बाबा दिवसभर उन्हात बांधावर बसून राहिले. संध्याकाळी मोजणी झाली, खुणेचे दगड रोवले गेले. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "कागद जेवढं बोलते तेवढंच बोलायचं. आवाज चढवायचा नाही. पण उठायचंही नाही." तेव्हा मी नववीत होते.

मी टाउनशिपच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या बाईंनी नकाशा तपासला आणि मान्य केलं की पट्टा सार्वजनिक आहे. मग म्हणाल्या की असे वाद शेजाऱ्यांनी आपसात मिटवलेले बरे, आणि नाहीच मिटला तर उन्हाळा संपल्यावर बघू. मी हे मुम्मोला सांगितलं. तिचा मुलगा तिथेच बसला होता. तो वाईट माणूस नाही, दमलेला आहे. त्याचं म्हणणं की आईला डोळ्यांमुळे आता लायसन्स नाही, कॅम्पचं छप्पर गळतंय, त्यात हे भांडण. विकून टाकू या. तो माणूसच चांगली किंमत देईल.

मुम्मोने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "युहान्नुस उन्हाळा संपल्यावर येत नाही. तू मला घेऊन जाशील का?"

मी हो म्हणाले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"काहून पडून राहिली तू ह्याच्यात?" तो म्हणाला. "आपली सिटिझनशिप होऊन वर्ष नाही झालं. तो पोलीस बोलावेल. आपण बाहेरचे. गोरे-गोरे आपसात बघून घेतील."

त्याची भीती मला कळत होती. मी पण इतकी वर्षं इथे मान खाली घालून, सॉरी सॉरी म्हणत काढली होती. ग्रोसरीच्या दुकानात कुणी मला धक्का दिला तरी सॉरी मीच म्हणायची. पण ह्या वेळी नकाशा माझ्या हातात होता, आणि तो वाचता येणारी तिथे मी एकटी होते. मी त्याला म्हणाले, तू नको येऊस, मी आणि मुम्मो जाऊ. सकाळी डब्यात पोळ्या भरताना म्हणाला की साडेचार तासांचं ड्राइव्ह तू एकटीने करशील का, मी येतो. पण भांडणात मी नाही. तेरा वर्षांच्या लेकीने एअरपॉड्स न काढता तिचं मत दिलं, "मॉम, प्लीज डोन्ट मेक इट अ थिंग."

शुक्रवारी दुपारी पोचलो. पायवाटेच्या तोंडाशी दोन झाडांना नवीकोरी लोखंडी साखळी बांधलेली होती आणि मधोमध 'प्रायव्हेट' अशी लाल पाटी. मुम्मोने गाडीतून ती पाहिली. तिने घराकडे बोट दाखवलं, आधी काम.

आणि काम केवढं! त्या घरात मी सणाची अशी तयारी पाहिली की माझ्या आईलाही आवडली असती. जमीन साबणाने घासली, चटया बाहेर वाळत टाकल्या. माझ्या नवऱ्याने कोवळी बर्चची दोन झाडं तोडून आणली आणि दाराच्या दोन्ही बाजूंना उभी केली. मागच्या अंगणातल्या खांबावर संध्याकाळी सहाला निळ्या क्रॉसचा पांढरा झेंडा चढला. बर्चच्याच बारीक फांद्यांच्या जुड्या बांधल्या, साउनात अंगावर मारून घ्यायला. माझ्या लेकीला मुम्मोने सात प्रकारची रानफुलं गोळा करायला पाठवलं. रात्री उशीखाली ठेवली की होणारा नवरा स्वप्नात येतो म्हणे. लेकीने विचारलं की त्याऐवजी कुणी न येण्याचा काही उपाय आहे का. मुम्मो पहिल्यांदा हसली.

स्वयंपाकात नवे, बोटाएवढे बटाटे, लोणी आणि वर हिरवंगार काहीतरी. वास आला आणि मी ओरडलेच. शेपू! आमच्या घरी शेपूची भाजी केली की लेक जेवायला बसत नाही. तिथे तिने तोच शेपू दोनदा घेतला, आणि मी त्यावर एक शब्द बोलले नाही. खारवलेल्या माशांबरोबर मी आणलेला झुणका आणि भाकरी सगळ्यांनी खाल्ली. सगळे म्हणजे आम्ही चौघं आणि पलीकडच्या कॅम्पमधून आलेलं एक म्हातारं फिनिश जोडपं. पूर्वी ह्या रस्त्यावर बारा-पंधरा फिनिश कुटुंबं होती. आता हे दोघं आणि मुम्मो. तो आजोबा माशाचे काटे काढता काढता म्हणाला की पत्र त्यांनाही आलं होतं, आणि ह्या वर्षी त्यांनी आंघोळ बादलीनेच करायची असं ठरवलं होतं. मुम्मो त्याला फिनिशमध्ये काहीतरी बोलली. त्याने मान खाली घातली आणि पुढचा बटाटा सोलला.

युहान्नुसला काठावर मोठी होळी पेटवतात, तिला कोक्को म्हणतात. त्या जूनमध्ये पाऊस नव्हता आणि आग पेटवायला सगळीकडे बंदी होती. मला वाटलं म्हातारी आता इथेही हट्ट धरणार. पण तिने लाकूड रचूसुद्धा दिलं नाही. जंगल सगळ्यांचं आहे, म्हणाली.

शनिवारी दुपारपासून साउना तापत होती. कॅनेडियन लोक तिला सॉना म्हणतात आणि मुम्मो प्रत्येकाला सुधारते. पाचच्या सुमाराला आधी आम्ही बायका आत गेलो. त्या दोघी म्हाताऱ्या अंगावर काही न ठेवता, इतक्या सहज की जणू भाजी निवडायला बसल्यात. मी कॉटनचा गाउन घालून. मुम्मो म्हणाली की हे म्हणजे स्वेटर घालून आंघोळ करण्यासारखं आहे. मी गाउन काढला नाही. तिने पुन्हा विचारलंही नाही, नुसतं तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफ आली तशी माझ्या कानांच्या पाळ्या जळायला लागल्या. पलीकडची आजी मुम्मोच्या पाठीवर बर्चची जुडी मारत होती आणि ओल्या पानांचा वास सुटला होता. त्या अंधारात मुम्मोने मला सांगितलं की तिच्या नवऱ्याची राख तिने त्या पायवाटेच्या टोकाला, पाण्यात सोडली आहे. मुलालाही हे माहीत नव्हतं.

मग पुरुषांचीही पाळी झाली आणि आम्ही निघालो. ऊन अजून चांगलं वर होतं. पुढे मुम्मो, बाथरोब आणि रबरी चपलांमध्ये. मागे ते जोडपं. मग मी, ओला गाउन आणि त्यावर टॉवेल, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नकाशा. शेवटी कॉफीचा थर्मास आणि पुल्ला नावाच्या वेलचीच्या पावाची टोपली घेऊन माझा नवरा आणि लेक.

साखळीपाशी पोचेपर्यंत तो माणूस त्याच्या डेकवरून खाली उतरला होता. पन्नाशीचा, हातात फोन. आवाज सभ्य होता. त्याने सांगितलं की ही खासगी मालमत्ता आहे, त्याने पत्र पाठवलं होतं. मुम्मोने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्यासाठी बाजूला झाली.

मी फोल्डर उघडला. गाउनमधून पाणी गळत होतं. मी त्याला पट्टा दाखवला, दोन्ही हद्दी दाखवल्या, टाउनशिपच्या बाईंशी कुठल्या दिवशी काय बोलणं झालं ते सांगितलं. त्याने नकाशाकडे नजर टाकली आणि मला विचारलं की मी मुळात कुठली.

"केंब्रिजची," मी म्हणाले.

तो म्हणाला तसं नाही, त्याला काय म्हणायचंय ते मला कळतंय. मला कळत होतं. नकाशात ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी त्यावर बोलले नाही. पुन्हा पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ही जागा तुमची नाही. माझीही नाही. आम्ही पाण्याकडे चाललोय. त्याने सांगितलं की तो पोलिसांना फोन करतोय. मी म्हणाले जरूर करा, आम्ही काठावर आहोत.

आता साखळी. ती कमरेएवढी उंच होती. मुम्मोला ओलांडता येणार नव्हतं आणि गुडघ्यांमुळे वाकताही येईना. तिने एकदा प्रयत्न केला, झाडाला धरलं आणि थांबली. तो माणूस बघत होता. मी फोल्डर काखेत धरून पुढे होणार तेवढ्यात मागून माझा नवरा आला. त्याने थर्मास लेकीच्या हातात दिला, साखळी दोन्ही हातांनी धरली आणि डोक्याच्या वर उचलली. पाटी उलटी झाली. तो त्या माणसाकडे न बघता, मुम्मोला नुसतं "या" असं मराठीत म्हणाला. आणि ती गेली. ते दोघं गेले, मी गेले. शेवटी लेक त्याच्या हाताखालून गेली आणि जाता जाता त्या माणसाला म्हणाली, "इट्स पब्लिक. शी मेक्स मॅप्स फॉर अ लिव्हिंग."

पाण्यात मुम्मो बाथरोब झाडावर टांगून सरळ चालत गेली, एकदाही थांबली नाही. मला पोहता येत नाही. सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेले नव्हते. त्या दिवशी मानेपर्यंत गेले. थंडीने श्वास अडकला, गाउन फुगून छत्रीसारखा वर आला, आणि एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईने माझा दंड घट्ट धरून ठेवला. तिथून त्या माणसाचं काचेचं घर अगदी लहान दिसत होतं.

पोलीस बाई पाऊण तासाने आली. तोवर आम्ही खडकावर बसून कॉफी पीत होतो. तिने दोघांचं ऐकलं, नकाशाचा फोटो काढला, फोनवर कुणाशी तरी बोलली. मग म्हणाली की जमिनीचा निवाडा करणं तिचं काम नाही, पण आम्हाला इथून उठवण्याचं कारणही तिला दिसत नाही, आणि कुणाला वाटेत अडवू नका असं ती त्या घरात सांगून जाईल. माझा नवरा ती येताना पाहून उभा राहिला होता, पाठ ताठ, हात दिसतील असे. ती गेल्यावर खाली बसला आणि पुल्लाचे तीन तुकडे एकामागून एक खाल्ले. परतीच्या ड्राइव्हमध्ये कधीतरी म्हणाला, "तुझे बाबा असते तर मजा आली असती त्यांना." एवढंच.

पुढे जे झालं ते इतकं सरळ नव्हतं. टाउनशिपला मी तीन पत्रं लिहिली. ऑक्टोबरमध्ये साखळी निघाली आणि तिच्या जागी दोन मोठे दगड आले. दगडांवर मी आणखी दोन पत्रं लिहिली. पुढच्या वसंतात टाउनशिपने दगड हलवून एक खांब रोवला, त्यावर लहानशी हिरवी पाटी, सार्वजनिक वाट. त्यानंतरच्या वर्षी मुम्मो बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला, आणि मुलाने कॅम्प विकला. ती त्याच्यावर रागावली नाही, पण सह्या करताना त्याचं पेनही घेतलं नाही, स्वतःचं आणलं. आता ती वृद्धांच्या घरात राहते, तिथे सॉना आहे आणि तिच्या मते ती साउना नव्हे.

कॅम्प गेला, वाट गेलेली नाही. दर जूनमध्ये आम्ही तिला घेऊन जातो. गाडी रस्त्याच्या कडेला लावतो. इथल्या आमच्या मराठी असोसिएशनमधल्या काही जणांना वाटतं की मी ह्या फिनिश सणाचं जरा जास्तच मनावर घेतलंय. मी त्यांनाही या म्हणते, आणि गेल्या वर्षी दोन कुटुंबं आलीही, डब्यात सावजी मटण घेऊन. ह्या जूनमध्ये व्हीलचेअरची चाकं मुळांत अडकली, तेव्हा आम्ही तिघांनी खुर्चीसकट तिला उचललं आणि दीडशे पावलं चाललो. ती वरून रस्ता सांगत होती, जणू आम्हाला माहीत नाही. काठावर तिचे पाय पाण्यात सोडले. मग तिने मला फर्मावलं की तू काठावर काय उभी आहेस, आत जा, तुला गेल्या वर्षीपेक्षा लांब गेलेलं बघितल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

तो माणूस त्याच्या डेकवर होता. तो दरवर्षी असतो. आम्ही हात हलवतो, तो हलवत नाही. न हलवू दे. मी गाउन सावरला आणि पाण्यात शिरले.